हवालदाराच्या पट्ट्याला नवं भोक

२ जुलै ९६, मंगळवार

शाळेच्या प्रयोगशाळेतून बेनेडिक्ट द्रावणाची बाटली घरी आणली. मुख्याध्यापकांना सांगितलं, घरात मधुमेहाचा पेशंट आहे. त्यांना वाटलं, मिस्टर. तेही खोटं नाही. आता पेशंट दोन झाले, एक आमचे निवृत्त स्टोअरकीपर आणि दुसरा आमचा बोका हवालदार.

काल कर्नलसाहेबांनी रक्ताचा रिपोर्ट वाचून सांगितलं. जन्मभर पलटणीचे घोडे आणि कुत्री तपासली, आता निवृत्तीत आमच्यासारख्यांची मांजरं बघतात. म्हणाले, "साखर चारशेच्या वर आहे. पाणी उगाच पीत नव्हता तो." पंचवीस वर्षं विज्ञान शिकवते, मांजराला मधुमेह होतो हे ठाऊक नव्हतं.

सकाळ-संध्याकाळ दोन-दोन युनिट इन्शुलिन. यांच्याच बाटलीतलं चालेल म्हणाले, सुई मात्र वेगळी. घरी येताना स्टोअरकीपर खूश. "बरं झालं, मला जोडीदार मिळाला."

५ जुलै, शुक्र.

पद्धत बसली. ट्रेमधली वाळू काढून धुतलेली बारीक खडी टाकली. तो उरकून गेला की ट्रे तिरपा करून ड्रॉपरने आठ थेंब घ्यायचे, पाच मिली द्रावणात टाकून स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर लघवीत साखर नाही. मग चढत्या क्रमाने हिरवं, पिवळं, नारिंगी आणि सर्वांत वाईट विटकरी. आज विटकरी. यापुढे नि., हि., पि., ना., वि. एवढंच लिहीन.

स्टँडमध्ये दोन नळ्या. एकीवर "ह", दुसरीवर "स्टो". स्टो पण आज पि. काल काय खाल्लंत म्हणून विचारलं.

"काई न्हाई. तू दिलं तेवढंच."

नऊ वर्षं हेच वाक्य ऐकते आहे.

१४ जुलै, रवि.

धरायचं त्यांनी, टोचायचं मी. मानेमागची कातडी चिमटीत धरली की हवालदार वाटीतलं खात राहतो, त्याला कळतही नाही. स्टो. मात्र डोळे घट्ट मिटून घेतात. स्वतःला टोचून घेताना हाच माणूस पेपर वाचतो.

चार युनिट केलं. ह वि. स्टो हि.

२८ जुलै, रवि.

सहा युनिट. ह वि. रंग हलायला तयार नाही.

भूक म्हणजे विचारू नका. काल ओट्यावरची मळलेली कणीक खाल्ली. आज मेथीच्या भाजीचं पातेलं पुसून ठेवलं, मेथी न खाणारं मांजर हे. गळ्यातला पट्टा पहिल्या भोकावरून दुसऱ्यावर आला. पट्टा स्टो.नी स्वतः केलेला, डेपोतल्या नोकरीच्या जुन्या कंबरपट्ट्यातून कापून. त्याला अंगठ्याएवढी घंटी. चार भोकं पाडली होती तेव्हा मी हसले होते, की बोका आहे का रेडा.

१६ ऑग., शुक्र.

पिशवीत घालून स्प्रिंगच्या काट्याला लटकवलं. फक्त डोकं बाहेर, चेहऱ्यावर अपमान. सहा किलो दोनशे. जूनमध्ये पाच चारशे होता.

गल्लीत कौतुक. शेजारच्या परवीनभाभी म्हणाल्या, "बाई, काय खिलवता ओ याला? शेर दिसायलाय." तोंड खरंच रुंद झालंय. पंजे तर एवढे झालेत की फरशीवर चालताना आवाज येतो. स्टो. अभिमानाने म्हणतात, शेवगावच्या आमच्या शिवारात असला बोका न्हाई. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

कर्नलसाहेबांना मात्र बरं वाटलं नाही. "साखर अशी असताना जनावर वाळायला हवं. हा भरतोय. बाहेरून कोणीतरी घालतंय याला. बघा जरा."

१ सप्टें., रवि.

दहा युनिट. ह वि. स्टो पि.

जाळीच्या कपाटाला कुलूप लावलं. दूध मोजून ठेवते. घरातली साखर संपली ती परत आणलीच नाही, पाहुण्यांनाही बिनसाखरेचा चहा. तरी दोन्ही नळ्या जागच्या जागी. दोन्हींचा चोर एकच असावा असं वाटायला लागलंय. मी साडेदहा ते साडेपाच शाळेत, घरात हे दोघे.

विचारलं. "तुम्ही त्याला काही देता का हो दुपारी?"

"न्हाई बाई. शप्पथ."

"बाई" म्हणाले म्हणजे चेष्टेवारी नेताहेत. माझा विश्वास बसला नाही.

१५ सप्टें., रवि.

चौदा युनिट झालं तरी वि. आज परसात उभी होते तर हवालदार परवीनभाभींच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवरून उतरला, मिशा चाटत. डोकं फिरलं. म्हणजे ह्या बाईला तोंडावर सांगितलंय की त्याला काही द्यायचं नाही, आणि तरी. चपला पायात घातल्या. काय काय बोलायचं ते मनात ठरलं होतं, आणि ते सगळं चांगलं नव्हतं.

स्टो. दारात आडवे आले. "थांब. भाभीकडं जाऊ नको. मीच देतो त्याला."

"काय देता?"

"दूध-पाव. दुपारी. तो वरडतो, मला बघवत न्हाई."

मी चपला काढल्या.  बोलले असते तर फार बोलले असते.

१६ सप्टें., सोम.

कर्नलसाहेबांकडे जाऊन सगळं सांगितलं. स्टो. शेजारी मान खाली घालून उभे. कर्नल म्हणाले, "चोरून खाणं बंद होणार असेल तर चौदा युनिट म्हणजे जीव घेणं होईल. साखर एकदम उतरेल. पाचवर या." पाचवर आणलं.

यांच्याशी अबोला. भाकरी वाढते, बोलत नाही.

२९ सप्टें., रवि.

ह वि. पाण्याचं भांडं दिवसातून चार वेळा भरावं लागतंय. म्हटलं, लागेल वेळ.

सकाळी विहारात वंदनेला गेलो. पंचशील घेताना मी नेहमी यांच्या डाव्या हाताला उभी असते. यांनी तीन शीलं खणखणीत म्हटली. चौथं आलं, मुसावादा वेरमणी, म्हणजे खोटं बोलण्यापासून दूर राहीन, तर यांचा आवाज गप. पाचव्याला पुन्हा सुरू. चूक नव्हे, मी नीट ऐकलं.

म्हणजे अजून देताहेत.

६ ऑक्टो., रवि.

विहारात आजही तेच. चौथ्याला गप.

घरी येऊन म्हटलं, "अजून देता ना?" तीन आठवड्यांनंतरचं माझं पहिलं वाक्य.

"आता न्हाई देत."

"आता" हा शब्द मी मनात धरून ठेवला.

१७ ऑक्टो., गुरु.

हवालदार मागच्या पायांच्या टाचा टेकवून चालतोय, म्हाताऱ्यासारखा. कट्ट्यावर उडी मारायला गेला आणि पडला. पडल्यावर इकडे-तिकडे बघितलं, कुणी पाहिलं का म्हणून, आणि तिथेच बसून पंजा चाटायला लागला. मी पाठ फिरवली. त्याच्यासमोर रडायचं नव्हतं.

अंगावरचे केस खरखरीत झालेत. वजन मात्र सहा सातशे. पट्टा तिसऱ्या भोकावर.

६ नोव्हें., बुध.

शाळेला दिवाळीची सुट्टी लागली. आता प्रयोग करायचा. मुलांना सांगते ना, संशय आला तर एक-एक गोष्ट बाजूला काढत जा. मागची खोली रिकामी केली, खिडक्या लावल्या. आत हवालदार, ट्रे, पाणी, आणि मी सहामाहीच्या पेपरांचा गठ्ठा घेऊन. किल्ली माझ्या कमरेला. खाणं तोलून, माझ्याच हातून. तीन दिवस. मी बाहेर जाईन तेव्हा कुलूप लावून.

स्टो.नी विचारलं, "मला बघायला तरी यायचं का?" नाही म्हटलं. दाराबाहेर खुर्ची टाकून बसले. हवालदार आतून दाराला डोकं घासतोय, हे बाहेरून बोटाने दार वाजवताहेत.

९ नोव्हें., शनि.

तीन दिवस, सहा नळ्या. वि., वि., वि., वि., वि., वि.

माझ्याशिवाय कोणाचा हात लागलेला नाही. सहाही नळ्यांचे रंग कागदावर उतरवले. मग कुलूप काढून बाहेर आले. स्टो. ओसरीवर बुटांना पॉलिश करत होते. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी रोज करतात.

"तुम्ही देत नव्हतात."

"न्हाई."

"एकदाही?"

"न्हाई."

"मग कबूल का केलंत?"

ब्रश खाली ठेवला. म्हणाले, "स्टोअरात माल कमी निघाला ना, की चोर सापडस्तोवर समदं काम बंद ऱ्हातं. ज्याच्यावर त्याच्यावर संशय. कीपरनं सही केली की फाईल बंद हुती, गाडा चालू हुतो. मी नोकरीत दोनदा केलीय तशी सही. त्या दिवशी तू भाभीकडं भांडायला निघाल्ती. वीस वर्षांचं शेजारपण. म्हटलं, सही करून टाकावी."

"आणि विहारात?"

"तिथं कसं म्हनू? खोटं बोललो हुतो ना."

मला राग आला. त्यांच्या सहीपायी आठ आठवडे जनावराला अर्ध्याहून कमी औषध गेलं. हे बोलूनही दाखवलं. पण रागापेक्षा लाज जास्त वाटली. हा माणूस खरं सांगत होता तेव्हा मी ऐकलं नाही, आणि खोटं बोलला ते लगेच पटलं. तेही लिहून ठेवते, म्हणजे विसरणार नाही.

ते आत गेले आणि हवालदाराला उचलून घेतलं. "लई जड झालाय हा," एवढंच म्हणाले.

११ नोव्हें., सोम.

कर्नलसाहेबांपुढे नळ्यांचा कागद ठेवला. दोनदा वाचला. मग म्हणाले, "कोणी घालतंय हे मीच तुमच्या डोक्यात भरलं. चूक माझी." एवढ्या मोठ्या हुद्द्याचा माणूस असं म्हणतो, मला अवघडल्यासारखं झालं.

याचा जुना फोटो आहे का विचारलं. होता, दोन वर्षांपूर्वीचा, स्टो.च्या खांद्यावर बसलेला. फोटो हवालदाराच्या तोंडाजवळ धरला. मग तोंड उघडून दात पाहिले. खालचा जबडा पुढे आलाय, दातांमध्ये फटी पडल्यात. पंजे दाबून पाहिले. आतून जुनं इंग्रजी पुस्तक आणलं आणि बराच वेळ वाचत बसले.

सांगितलं ते असं. मेंदूच्या खाली एक लहानशी ग्रंथी असते, अंग वाढवण्याचं काम तिचं. तिथे गाठ झाली की वाढ थांबतच नाही. माणसाला झालं तर अंगठी बोटात जात नाही, चपला लहान होतात, हनुवटी पुढे येते. मांजरात फार क्वचित. वाढवणारा तो रस इन्शुलिनला काम करू देत नाही. म्हणून चौदा युनिट देऊनही रंग हलत नव्हता. खात्री करायची तपासणी इथे होत नाही, मुंबईलाही मांजराची कोण करणार. गाठीवर इलाज नाही.

म्हणजे गल्लीने चार महिने ज्याचं कौतुक केलं, तो आजार होता. मीसुद्धा केलं.

"किती दिवस?" मी विचारलं. स्टो. खिडकीकडे बघत होते.

"वर्ष मिळेल. दीड-दोनही मिळतील. हृदय मोठं होत जातं, तिकडे लक्ष ठेवू. इन्शुलिन वाढवत न्यायचं, दर आठवड्याला थोडं. आणि बाई, निळ्याच्या मागे लागू नका. त्या गाठीला लहर येते, कधी जोर करते कधी गप्प बसते. निळा गाठायला जाल आणि एखाद्या दिवशी साखर खलास होईल. हिरवा-पिवळा राहिला तर देवासारखा."

स्टो. म्हणाले, "देव ऱ्हाऊ द्या साहेब, हवालदारच बरा."

कर्नल हसले. मीही हसले. दोन महिन्यांनी.

१७ नोव्हें., रवि.

ह वि. दहा युनिट.

विहारात यांनी चौथं शील एवढ्या मोठ्याने म्हटलं की पुढच्या रांगेतल्या बायका वळून बघायला लागल्या.

८ डिसें., रवि.

सोळा युनिट. ह ना. विटकरीतून निघाला एकदाचा.

सोळा म्हणजे यांच्याएवढं झालं. यांनी हवालदाराला सलाम केला. म्हणाले, आता बरोबरीची रँक.

२२ डिसें., रवि.

वीस. ह पि., सलग चार दिवस. टाचा थोड्या उचलायला लागलाय. थंडी पडलीये, दुपारी पत्र्यावर उन्हात पडतो तेव्हा खालून पोट दिसतं, पत्र्याच्या कडेवरून ओघळलेलं.

स्टो पण पि. विचारलं. "काई न्हाई. तू दिलं तेवढंच." आता या वाक्याचं काय करावं कळत नाही. आधी सरळ खोटं वाटायचं. आता दर वेळी ते विहारात उभे राहिलेले दिसतात.

५ जाने. ९७, रवि.

ह हि. सहा महिन्यांत पहिल्यांदा.

नळी उजेडात धरून दोघांनी पाहिली. माझी खात्री होईना म्हणून पुन्हा केली. हि. यांनी नळी परवीनभाभींना नेऊन दाखवली. भाभी बिचाऱ्या म्हणाल्या, "छान आहे," काय आहे ते न कळता. नंतर कळलं की कशाची नळी आहे, मग हात साबणाने दोनदा धुतले म्हणे.

दुपारी हवालदाराने कट्ट्यावर उडी मारली. पोचला.

१६ फेब्रु., रवि.

झालं ते आजच लिहिते.

पंधरा दिवस चोवीस युनिट चालू होतं, हि.-पि., सगळं छान. माझ्याच मनात निळ्याची हाव आली होती का, माहीत नाही. आज सकाळी इंजेक्शननंतर त्याने अर्धंच खाल्लं. मी म्हटलं, नंतर खाईल. अकरा वाजता पाहिलं तर ट्रेजवळ आडवा, मान वाकडी, पाय झटकतोय, डोळे उघडे पण मला बघत नव्हते. साखर उतरली हे लगेच कळलं. पुस्तकात असतं तसंच.

घरात साखर नाही. मीच बंद केलेली. तशीच अनवाणी परवीनभाभींकडे पळाले. त्यांनी काही न विचारता अख्खा डबा हातात दिला. परत आले तर स्टो. जमिनीवर मांडी घालून, मांडीवर हवालदार, आणि बोटाने त्याच्या हिरड्यांना काहीतरी चोळताहेत. गुळाचं पाणी.

"गूळ कुठला?" मी म्हटलं.

"आधी हे हू दे."

तासभर चोळत होतो आळीपाळीने. आधी पाय थांबले. मग कान हलला. मग त्याने यांचं बोट चाटलं, आणि डोळे माझ्याकडे वळले. मी यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले, दार सताड उघडं असताना, भाभी दारात उभ्या असताना.

बाजूला बुटांच्या पॉलिशची डबी उघडी पडली होती. आत काळं पॉलिश नव्हतं. पिवळाधमक गूळ, बोटाबोटाने खाल्लेला.

१७ फेब्रु., सोम.

कर्नलसाहेबांनी अठरावर आणलं. "निळ्याच्या मागे लागू नका म्हटलं होतं." हो म्हटलं. तपासून म्हणाले, वेळेवर गोड मिळालं म्हणून वाचला, दहा मिनिटं उशीर झाला असता तर नसता वाचला.

येताना रिक्षात विचारलं, "किती दिवसांपासून आहे ती डबी?"

"रिटायर झाल्यापासनं."

"म्हणजे रोज पॉलिश करायला बसत होतात ते."

"पॉलिश बी करत हुतो."

चार वर्षं. मी कपाटाला कुलपं लावत होते आणि हा माणूस माझ्यासमोर ओसरीत बसून. खूप चिडायचं ठरवलं होतं. पण मांडीवर पिशवीतून डोकं काढून हवालदार रस्ता बघत होता, आणि तो त्या डबीमुळेच होता. चिडणं लांबणीवर टाकलं.

पण विहारातलं चौथं शील? ते विचारलंच. म्हणाले, "तू इचारतीस काय खाल्लं. आमी गूळ खातो न्हाई, चाटतो."

१८ फेब्रु., मंगळ.

डबी आता फ्रिजवर. वर यांच्याच हातची चिठ्ठी चिकटवलेली: "फक्त हवालदारासाठी. इमर्जन्सी." खाली सही, तारीख. रोज सकाळी उघडून मी पातळी बघते. अजून हललेली नाही. स्टो हि.

२३ मार्च, रवि.

अठरा. ह पि. रंग बरा आहे, पण झोपेत श्वास फार जलद चालतो. घड्याळ लावून मोजला, मिनिटाला पंचावन्न.

कर्नलसाहेबांनी स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकलं. मग तो स्टो.च्या कानाला लावून दिला. हे ऐकून म्हणाले, "घोडं पळतंय जनू." कर्नल म्हणाले, तेच. हृदय मोठं झालंय. पाव गोळी रोज, अंगातलं पाणी काढायला.

"उन्हाळा काढील का?"

"नाही सांगता येत. त्याच्या हातात, तुमच्या हातात, माझ्या सगळ्यात कमी."

रिक्षाने परत निघालो. हवालदार पिशवीत घुरघुरत होता. त्याला कोणी काही सांगितलेलं नाही.

१४ एप्रिल, सोम.

जयंती. दरवर्षी मिरवणुकीत सगळ्यांत पुढे असणारा माणूस आज घरात बसला. ढोल सुरू झाले की हवालदार घाबरतो, आणि घाबरला की त्याचा श्वास वाढतो. म्हणून मागच्या खोलीत, खिडक्या लावून, त्याला मांडीवर घेऊन, त्याच्या कानांवर दोन्ही हात ठेवून बसले. निळं उपरणं गळ्यात होतंच. मी एकटीच जाऊन आले.

परत आले तर परवीनभाभी आल्या होत्या. आज सांगून टाकलं, की सप्टेंबरात मी तुमच्याशी भांडायला निघाले होते, आणि का. त्या हसत सुटल्या. "मग यायचं ना. मी पण बोलले असते दोन गोष्टी." मग म्हणाल्या, "एकदाच दिलावता खिमा. त्याला साखर झाली कळायच्या आधी. कसम से."

"माहीत आहे," मी म्हटलं. त्यांचं खरं मानायला मला आज एक क्षणही लागला नाही.

२७ एप्रिल, रवि.

ह हि. स्टो पि. स्टो.ला काही विचारलं नाही. डबीची पातळी तीच आहे, बघितली.

सात किलो शंभर. पट्टा चौथ्या भोकावरही आवळायला लागलाय, मानेवरचे केस झडलेत तिथे. श्वास साठ. आज खाल्लं सगळं. खाल्ल्यावर ओसरीच्या सावलीत यांच्या बुटावर डोकं ठेवून झोपला. एवढं मोठं डोकं की बूट दिसत नाही.

मी म्हटलं, पट्टा काढूनच ठेवू या का आता. लागतं त्याला.

"पट्ट्याबिगर कसा ऱ्हाईल? ड्युटीवर हाय तो." उठून दाभण आणि हातोडी आणली. हवालदाराला न उठवता पट्टा काढला. लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवून एक भोक पाडलं. मग बोटाने अंतर मोजून त्याच्या पुढे दुसरं. मग तिसरं.

मी म्हटलं, "अहो, एवढी कशाला?"

वर न बघता म्हणाले, "असू दे. स्टॉकात असावीत."

आज एक वापरलं. दोन शिल्लक.